रस्त्याचाही आपल्यावर हक्क आहे

चोपड्याहून यावलकडे निघाले की अडावद, धानोरा आणि मग किनगाव लागते. १४ आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मधल्या रात्री या किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला. मालाबरोबर त्याच गाडीत रावेर तालुक्यातले मजूर घरी परतत होते. किमान पंधरा जणांचा जीव गेला. त्यांत बाया होत्या, लहान मुले होती. मृतांत आपले तडवी आणि मुस्लिम बांधव होते, इतर समाजांचेही होते. गरिबी सगळ्यांची एकच होती. सरकारने मदत जाहीर केली, नेते भेटून गेले, आणि काही आठवड्यांत अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता पुन्हा पूर्वीसारखा धावू लागला.

त्यानंतरही आपल्या भागाने मोठे अपघात पाहिले. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरला येणारी एसटी बस मध्य प्रदेशात खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली आणि बारा जण दगावले. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेरला, घाट उतरून येणाऱ्या कंटेनरचे ब्रेक निकामी झाले. वाटेतल्या गाड्यांना धडकत तो थांब्याजवळच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसे मेली. अशा बातम्या राज्यभर पोचतात. एका दुचाकीवरचा एकच तरुण गेला तर बातमी आतल्या पानावर चार ओळींची असते. पण मरणाऱ्यांची मोठी संख्या या चार ओळींच्या बातम्यांतूनच जमते.

प्रत्येक अपघातानंतर आपण खड्ड्यांवर बोलतो, आरटीओवर बोलतो, पोलिसांवर बोलतो. ते बोललेच पाहिजे. पण एक गोष्ट पूर्णपणे आपल्या हातात आहे आणि तिच्यावर मोहल्ल्यात कुणी बोलत नाही. आपली मुले गाडी चालवायला शिकतात कुठे, कुणाकडून आणि नेमके काय? या लेखाचा विषय एवढाच आहे.

मरणारे कोण आहेत?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसे रस्त्यावर मेली. महाराष्ट्रातला आकडा पंधरा हजारांच्या वर होता. देशातल्या मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. दर तीन मृतांपैकी दोघे १८ ते ४५ या वयातले होते. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या पन्नास हजारांच्या वर गेली, आणि त्यांत चौदा हजारांहून अधिक जण मागे बसलेले होते. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की पाच ते एकोणतीस या वयातल्या मुला-तरुणांच्या मृत्यूचे जगातले पहिले कारण रस्ता अपघात आहे.

म्हणजे हा लेख वाचणाऱ्याच्या वयाचा प्रश्न आहे. घरातला कमावता किंवा नुकताच कमवायला लागलेला मुलगा जातो. मागे म्हातारे आईवडील, तरुण बायको, एखाद-दोन लेकरे आणि गाडीचे हप्ते राहतात. जो मरत नाही त्याचा पाय जातो, डोक्याला मार लागतो, आणि घर उपचाराच्या कर्जात बुडते. बहिणीचे कॉलेज सुटते, धाकटा भाऊ गॅरेजवर कामाला लागतो. शिक्षण आणि रोजगाराबद्दल आपली चळवळ जे काही बोलते, त्यातले बरेचसे एका रात्रीत धुऊन निघते.

'गाडी येते' म्हणजे काय येते?

कुणालाही विचारा, गाडी कधी शिकलास? उत्तर ठरलेले असते: आठवीत, ईदगाहच्या मैदानावर, चुलतभावाने शिकवली. शिकवले काय, तर क्लच सोडायचा कसा, गिअर टाकायचा कसा, ब्रेक कुठे आहे. दोन दिवसांत पोरगा गल्लीत फेरी मारतो, अब्बा कौतुकाने बघतात, आणि शिक्षण संपते. पुढचे सगळे रस्ता शिकवतो. रस्त्याच्या शाळेत एकदा नापास झालेल्याला दुसरी संधी मिळेलच असे नाही.

चारचाकीसाठी निदान कागदावर तरी अभ्यासक्रम आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ड्रायव्हिंग स्कूलने हलके वाहन शिकवायला किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे १० तास दिले पाहिजेत. मोहल्ल्यातली बहुतेक मुले मात्र दुचाकी चालवतात, आणि दुचाकीसाठी शाळेत जायचे असते हे कुणाच्या मनातही येत नाही.

मग काय शिकायचे राहून जाते? साधा हिशेब पाहा. ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, ८० च्या वेगात २२ मीटर. समोर काही दिसल्यापासून हात-पाय ब्रेकवर पोचायला एक सेकंद तरी जातोच. ब्रेक लागल्यावरचे अंतर तर वेग दुप्पट झाला की चौपट होते. रस्ता कोरडा आणि ब्रेक बरे असतील तर ४० वरची दुचाकी साधारण २३ मीटरमध्ये थांबेल. ८० वरच्या गाडीला ७० मीटरच्या आसपास लागतील. रात्री डिप्परच्या उजेडात आपल्याला नीट दिसते ते तीस-चाळीस मीटरपर्यंत. आता चोपडा–शिरपूर रस्त्यावर हंगामातली एक ट्रॉली डोळ्यांसमोर आणा. ऊस किंवा कपाशी भरलेली, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ८० च्या वेगाने येणाऱ्याला ती दिसेल तेव्हा तिच्यात घुसण्याशिवाय पर्याय उरलेला नसेल. चूक ट्रॉलीवाल्याची आहेच. पण जनाजा आपल्या घरातून निघतो.

हे मुलाला कुणी सांगितलेले नसते. ट्रक-डंपरच्या डाव्या बाजूला आणि अगदी मागे ड्रायव्हरला आपण दिसत नाही, हे सांगितलेले नसते. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल वर येते आणि चाक घसरते, वाळू सांडलेल्या वळणावर पुढचा ब्रेक दाबायचा नसतो, ओव्हरटेक करताना समोरून येणाऱ्याचा वेगही धरावा लागतो, यातले काहीच सांगितलेले नसते. त्याला फक्त 'कट' मारता येतो. आणि कट मारता येणे म्हणजे गाडी येणे, असे त्याचे दोस्त समजतात.

लायसन्स, विमा आणि घरावर येणारी गदा

गिअरच्या दुचाकीचे लायसन्स अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाने चालवलेल्या महागड्या गाडीखाली दोन तरुण अभियंते मेले, तेव्हा आपण सगळे संतापलो. श्रीमंतांची लाडावलेली पोरे, असे म्हणालो. पण पंधरा वर्षांच्या मुलाला दूध आणायला, बहिणीला क्लासला सोडायला गाडीची चावी देणारे घर प्रत्येक गल्लीत आहे. गाडीची किंमत वेगळी असली तरी चावी देणारा हात तसाच आहे.

पैशाची बाजूही समजून घ्या, कारण ती फार कमी जणांना माहीत असते. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई थर्ड पार्टी विम्यातून मिळते. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर न्यायालय विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावते आणि नंतर ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वरणसिंग प्रकरणात हे तत्त्व मांडले. विमाच नसेल तर सगळा भार थेट मालकावर येतो. लाखो रुपयांची भरपाई मजुराच्या घरातून कुठून निघणार? राहते घर विकूनच.

सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. त्या सुरुवातीच्या गाड्यांचा विमा संपून गेला आहे, आणि अनेकांनी पुढे तो काढलेलाच नाही. दुसरी सवय जुन्या गाड्यांची. शब्दावर व्यवहार होतो, पैसे दिले जातात, पण आरसी बुकावर नाव आधीच्या मालकाचेच राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की नोंदणीत ज्याचे नाव, जबाबदारी त्याची. म्हणजे तुम्ही दोन वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीने आज कुणाला उडवले तर नोटीस तुमच्या दारात येऊ शकते. आज घरी गेल्यावर आपल्या गाडीच्या विम्याची तारीख आणि आरसीवरचे नाव एकदा बघा.

काहीजण म्हणतात, पोलीस आपल्यालाच अडवतात, नाव वाचले की सूर बदलतो. ही तक्रार सरसकट खोटी म्हणता येत नाही. पण तिच्याशी लढायचे असेल तर पायाखाली जमीन हवी. लायसन्स, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये असेल, डोक्यावर हेल्मेट असेल, तर आपण ताठ उभे राहून विचारू शकतो की माझी चूक काय. कागद नसलेल्याला पन्नास-शंभर देऊन सुटावे लागते, आणि त्यातून भ्रष्टाचारही जगतो.

ज्यांची रोजीच रस्त्यावर आहे

आपल्या समाजातल्या किती घरांची चूल स्टिअरिंगवर पेटते! ट्रक, आयशर, पिकअप, रिक्षा, छोटा हत्ती, कालीपिली. केळीची गाडी रात्रीत बाजारपेठेत पोचवायची असते, उशीर झाला तर भाडे कापले जाते. ड्रायव्हर दिवसा भरणीला उभा असतो आणि रात्री गाडी चालवतो. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ सालचा, २०२५ पर्यंत लागू असलेला. त्यात दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा होती. हा कायदा आपल्या किती ड्रायव्हरभाईंना माहीत होता?

म्हणून ड्रायव्हरला शिव्या देऊन भागत नाही. झोप ही हिमतीने हटवता येत नाही, चहा-तंबाखूने ती फक्त थोडी पुढे ढकलली जाते. डोळे क्षणभर मिटले तरी ८० च्या वेगात गाडी कित्येक मीटर आंधळी धावते. रमजानमध्ये तर हे जास्त जाणवते. तरावीह, मग सहरी, मधे दोन-तीन तासांची झोप, आणि पहाटे गाडी. संध्याकाळी इफ्तार गाठायची घाई. खजूर खिशात ठेवा, अजान झाली की गाडी बाजूला घेऊन रोजा सोडा. पाच मिनिटे उशिरा घरी पोचल्याने काही बिघडत नाही. गाडीमालकांमध्येही आपलेच लोक आहेत. त्यांनी ड्रायव्हरच्या झोपेचा हिशेब डिझेलच्या हिशेबाइतकाच काटेकोर ठेवला पाहिजे.

तकदीर आणि उंटाचा दोर

तरुण मुलाच्या मय्यतीत एक वाक्य हमखास ऐकू येते: एवढीच लिहून आणली होती. दुःखात सब्र देण्यासाठी ते ठीक आहे. पण चाळिसावा झाला तरी आपण त्याच वाक्यावर थांबतो, आणि मग तेच वाक्य बेफिकिरीचे झाकण बनते. पैगंबरांची शिकवण तर आधी उंट बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा, अशी आहे. हेल्मेटचा पट्टा हा आजचा दोर आहे. तो न बांधता भरवशाची भाषा करणे हा तवक्कुल नव्हे.

रस्त्याबद्दल आपल्या परंपरेत स्वतंत्र शिकवण आहे हे अनेकांना माहीत असते, पण ती गाडीला कुणी लावत नाही. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानचा भाग मानला आहे. रस्त्यावर बसणाऱ्यांना रस्त्याचा हक्क अदा करायला सांगितले आहे, आणि कुणाला त्रास न देणे हा त्या हक्कांपैकी एक आहे. वाटेतला दगड उचलणे जर ईमान असेल, तर वाटेत राँग साइडने घुसणे, मशिदीबाहेर जुम्म्याच्या वेळी दुहेरी रांगेत गाड्या लावून अँब्युलन्स अडकवणे, बुलेटच्या सायलेन्सरमधून फटाके काढून शेजारच्या आजारी म्हाताऱ्याला दचकवणे याला काय म्हणायचे?

शब-ए-बरातच्या रात्रीचा विषय काढायलाच हवा. इबादतीची आणि कब्रस्तानात जाऊन मरहूमांसाठी दुआ करण्याची रात्र. त्याच रात्री शहरोशहरी मुलांचे घोळके ट्रिपल सीट, हेल्मेटशिवाय, पुढचे चाक उचलत फिरतात. कधी कब्रस्तानातून परतताना, कधी तिथे जातानाच, एखादा तिथे कायमचा जाण्याची तयारी करतो. पोलिसांना बंदोबस्त लावावा लागतो, उलेमा दरवर्षी आवाहन करतात. पण घरातून चावी देणारे आपणच असतो. त्या रात्री चाव्या घरातल्या मोठ्यांकडे राहतील, एवढे प्रत्येक घराने ठरवले तरी अर्धा प्रश्न सुटेल.

मागे बसलेली माणसे

हेल्मेटचा विचार आपण चालवणाऱ्यापुरता करतो. कायदा मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सांगतो. अम्मी मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या, मांडीवर बाळ, टाकीवर दुसरे लेकरू, आणि हेल्मेट असलेच तर एकट्या चालवणाऱ्याच्या डोक्यावर. धडक बसली तर सर्वांत आधी फेकले जाते ते बाळ. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी चालकाला बांधणारा पट्टा, मापाचे हेल्मेट आणि ताशी ४० ची वेगमर्यादा असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. आपल्या गावांत असा पट्टा क्वचितच दिसतो.

बुरखा, ओढणी किंवा साडीचा पदर मागच्या चाकात अडकून बाई पडते, हाही नेहमीचा अपघात आहे. मागच्या चाकाला जाळी असावी असा नियम आहे, पण चांगली दिसत नाही म्हणून मुले ती काढून टाकतात. ती परत बसवायला गॅरेजवाल्याला फार वेळ लागत नाही. निघण्यापूर्वी कपडा आवरून घेतला आहे ना, हे चालवणाऱ्याने विचारायची सवय लावावी. आणि ज्या मुली स्वतः स्कूटी चालवतात त्यांचे कौतुक करतानाच त्यांनाही नीट शिकवावे. 'मुलीने जपून चालवावे' एवढा उपदेश म्हणजे शिक्षण नाही. ब्रेक आणि वळण तिलाही तितक्याच बारकाईने समजले पाहिजे.

राहिला खान्देशातल्या उन्हाचा मुद्दा. मे महिन्यात हेल्मेट तापते हे खरे आहे. पण हेल्मेटने डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, असे अनेक देशांतल्या अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसले आहे. आयएसआय चिन्ह असलेले, हवेला छिद्रे असलेले हेल्मेट घ्या आणि आत सुती रुमाल बांधा. रस्त्याकडेला मिळणारी स्वस्त प्लास्टिकची टोपी दंडापासून वाचवेल, डांबरापासून वाचवणार नाही.

एक हॉर्न किती महाग पडू शकतो

३१ डिसेंबर २०२४ च्या रात्री धरणगाव तालुक्यातल्या पाळधी गावात गाडीच्या हॉर्नवरून वाद झाला. बघता बघता दगडफेक आणि जाळपोळ झाली, दुकाने जळाली, संचारबंदी लागली. पाळधी आपल्यापासून लांब नाही. त्या रात्री कोण बरोबर, कोण चूक, ते न्यायालय ठरवेल. आपण एवढेच लक्षात घ्यावे की आजच्या वातावरणात रस्त्यावरचा एक हॉर्न, एक कट, एक शिवी दोन माणसांपुरती राहत नाही. ती दोन मोहल्ल्यांची होते. नंतर जळते ते हातगाडीवाल्याचे आणि टपरीवाल्याचे पोट.

म्हणून धक्का लागला तर खाली उतरून आधी समोरच्याला विचारा, लागले का? चूक आपली असो वा त्याची. 'माफ करा दादा' म्हणायला काही लागत नाही. आरडाओरडा झाला, माणसे जमली की मोबाइलवर व्हिडिओ काढणाऱ्यापेक्षा दोघांना बाजूला नेणारा माणूस गावाला जास्त उपयोगी असतो.

जखमीला हात लावायला घाबरू नका

अपघात दिसला तर आपल्यातले अनेकजण पुढे निघून जातात. कारण दगडाच्या काळजाचे असतात म्हणून नाही. पोलीस आपल्यालाच गुंतवतील ही भीती असते, आणि मुस्लिम तरुणाला ती दुप्पट वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदतनीसाच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ कायद्यातच आले. जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीसाठी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही.

१०८ वर अँब्युलन्स आणि ११२ वर पोलीस मिळतात. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख पैसे न भरता उपचार मिळायला हवेत. दाखल करताना या योजनेचे नाव घेऊन मागणी करा. एक जीव वाचवणे म्हणजे साऱ्या मानवतेला वाचवणे, ही शिकवण आपण भाषणांत ऐकवतो. तिची परीक्षा अडावदजवळच्या अंधाऱ्या रस्त्यावर होते.

सरकारला सूट नाही

हे सगळे आपल्यावर घेतले म्हणजे शासनाची जबाबदारी संपत नाही. अरुंद रस्ता, रंग उडालेले पट्टे, अंधारी वळणे, रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या, रात्री भरधाव जाणारे वाळूचे डंपर, ही यंत्रणेची कामे आहेत. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असते. आपल्या तालुक्यातली धोक्याची ठिकाणे कोणती ठरवली आहेत आणि तिथे काय केले, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. वळणाचा फोटो, तिथे झालेल्या अपघातांच्या तारखा आणि नेमकी मागणी असलेले निवेदन, गावातल्या सर्व समाजांच्या सह्यांनी द्यावे. रस्ता सगळ्यांचा आहे, निवेदनही सगळ्यांचे असावे. मात्र मागणारा स्वतः राँग साइडने कचेरीत पोचला तर त्याच्या कागदाला वजन राहत नाही.

चोपड्यात उद्यापासून काय करता येईल?

मोठा निधी लागत नाही. पाच रविवार लागतात.

पहिल्या रविवारी मोहल्ल्यातल्या निवृत्त एसटी चालकाला किंवा वीस वर्षे ट्रक चालवलेल्या चाचांना बोलवा. त्यांच्या डोक्यातले ज्ञान कुठल्याच पुस्तकात नाही, आणि त्यांना कुणी कधी उस्ताद म्हणून खुर्ची दिलेली नाही. उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये एकेका मुलाला बसवा आणि डावीकडे उभी केलेली दुचाकी आरशात दिसते का ते बघायला सांगा. दुसऱ्या रविवारी मैदानावर चुन्याने रेघ मारा, २० आणि ४० च्या वेगात ब्रेक लावून गाडी कुठे थांबते ते टेपने मोजा. हेल्मेट घालून, मोठ्यांच्या देखरेखीत आणि फक्त लायसन्स असलेल्यांनीच हा प्रयोग करावा, बाकीच्यांनी बघावे. तिसऱ्या रविवारी लायसन्स, विमा आणि आरसीवरचे नाव तपासायचे टेबल लावा. सारथी पोर्टलवर शिकाऊ लायसन्सचा अर्ज स्वतः भरता येतो, कॉलेजच्या मुली-मुलांनी तो इतरांना भरून द्यावा. परीक्षा मात्र ज्याची त्यानेच द्यावी. चौथ्या रविवारी डॉक्टर किंवा नर्सकडून प्रथमोपचार शिका. रक्त कसे थांबवायचे, मान न हलवता जखमीला कसे उचलायचे. पाचवा रविवार आईवडिलांचा. अठराच्या आधी चावी नाही, हे एका घराने ठरवले तर मुलगा शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. सगळ्या गल्लीने मिळून ठरवले तर बोट दाखवायला जागा राहत नाही.

मशिदीच्या ट्रस्टींनी जुम्म्याच्या पार्किंगसाठी चार स्वयंसेवक नेमावेत. इमामसाहेबांनी शब-ए-बरात आणि ईदच्या आधीच्या बयानात रस्त्याच्या हक्कावर दहा मिनिटे बोलावे. लग्नात नवऱ्या मुलाला गाडी द्यायची की नाही हा वेगळा वाद आहे आणि तो घालायलाच हवा. पण दोस्तांनी मिळून काही आहेर करायचाच असेल तर दोन हेल्मेट द्या, एक त्याचे आणि एक तिचे.

या वर्गांना दार सगळ्यांसाठी उघडे ठेवा. शेजारच्या आळीतली मुले आली तर पाच रविवारांत ट्रकच्या केबिनमध्ये शेजारी बसून जी ओळख होईल, ती एखाद्या दिवशी हॉर्नवरून पेटू पाहणारे भांडण विझवायला उपयोगी पडेल.

आपण आपल्या हक्कांसाठी लढतो आणि लढत राहू. रस्त्याचाही आपल्यावर हक्क आहे. तो अदा करण्यासाठी ना मोर्चा लागतो, ना परवानगी. गाडीला चावी लावण्याआधी हेल्मेटचा पट्टा बांधायचा, आणि लहान भावाने चावी मागितली तर त्याला नाही म्हणायचे. इथून सुरुवात होते.